सरकारी दवाखान्यातील रुग्णांमधील हेपटायटिस सी: आकडा कसा वाचावा, जोखीम कुठे शोधावी?

प्रश्न : ग्रामीण_वैद्यकीय_अधिकारी

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्याकडे शस्त्रक्रियेपूर्वी आणि प्रसूतीसाठी येणाऱ्या रुग्णांची एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि हेपटायटिस सी (यकृताला सूज आणणारे विषाणू) यांसाठी रॅपिड किटवर तपासणी होते, आणि त्या नोंदी अनेक वर्षांपासून रजिस्टरमध्ये आहेत. मध्यंतरी ती रजिस्टरे सलग वाचायला घेतली. हेपटायटिस सीच्या रकान्यात लाल शाईने ‘रिॲक्टिव्ह’ (म्हणजे किटवर संसर्गाची खूण दिसलेली) लिहिलेले नाव दिसते, शेऱ्यात ‘जिल्हा रुग्णालयात संदर्भित’ असे तीन शब्द दिसतात, आणि पुढे त्या माणसाचे काय झाले याचा एकही कागद सापडत नाही. ही गोष्ट मनाला लागून राहिली आणि त्यातूनच एक छोटा अभ्यास करण्याचे मनात आले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत गोळा केलेल्या रक्तनमुन्यांवरून देशातील हेपटायटिस सीच्या अँटिबॉडीचे (विषाणूविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या प्रतिद्रव्याचे) प्रमाण ०.३२ टक्के इतके निघाले होते. आमच्या रजिस्टरमधील प्रमाण त्याहून बरेच जास्त दिसते. यावरून आमच्या तालुक्यात हा आजार अधिक आहे असे म्हणता येईल का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जोखमीच्या घटकांविषयी आहे. माझ्याकडे एक तयार प्रश्नावली आहे. तिच्यात रक्त चढवले होते का, ऑपरेशन झाले होते का, दात काढले होते का, गोंदण आहे का, न्हाव्याकडे दाढी करता का, इंजेक्शन घेतले होते का, नशा करता का, असे प्रश्न आहेत. काही रुग्णांवर ती चाचपून पाहिली तेव्हा इंजेक्शनच्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाने ‘हो’ म्हटले आणि नशेच्या प्रश्नाला प्रत्येकाने ‘नाही’. अशा उत्तरांतून काय हाती लागणार? आणि तिसरे म्हणजे, किट मोजकेच मिळत असताना ओपीडीतील नेमक्या कोणाची तपासणी करावी? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

उत्तर : सूक्ष्मजीवशास्त्र_विभाग

डॉक्टर, आपला पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण दवाखान्यातील आकडा गावाच्या नावावर चढवण्याची चूक अनेक प्रबंधांत होते. आपल्या रजिस्टरमध्ये दोन अगदी वेगळे गट एकत्र आले आहेत. प्रसूतीसाठी येणाऱ्या स्त्रिया तरुण असतात, बहुतेकींचे पूर्वी मोठे ऑपरेशन झालेले नसते, आणि त्या आजारी आहेत म्हणून दवाखान्यात आलेल्या नसतात. हर्निया, मोतीबिंदू किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेले रुग्ण वयाने मोठे असतात, आणि सरकारी रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्यांनी गावातील दोन-तीन डॉक्टर पालथे घातलेले असतात. दोघांची बेरीज करून काढलेली टक्केवारी ना स्त्रियांविषयी काही सांगते, ना तालुक्याविषयी. सर्वसामान्य लोकसंख्येच्या थोडी तरी जवळ जाणारी नोंद हवी असेल तर केवळ गरोदर स्त्रियांचे आकडे वेगळे काढावेत, आणि त्यांतही पुरुष व वृद्ध नाहीत हे स्पष्ट लिहावे. रक्तपेढीचे आकडे उलट्या दिशेने फसवतात. तिथे ज्याला कावीळ होऊन गेली आहे किंवा ज्याच्याविषयी शंका आहे अशा माणसाला रक्त देण्याआधीच परत पाठवलेले असते, त्यामुळे ते प्रमाण कमीच दिसते.

आता किटविषयी. समजा एखाद्या किटची विशिष्टता ९९ टक्के आहे, म्हणजे ज्यांना कधीच संसर्ग झालेला नाही अशा शंभरांपैकी एकाला ती चुकून रिॲक्टिव्ह दाखवते. हे वाचायला उत्तम वाटते. पण हजार गरोदर स्त्रियांपैकी खरोखर अँटिबॉडी असलेल्या जर तिघीच असतील, तर उरलेल्या ९९७ पैकी जवळपास दहा जणी खोट्या रिॲक्टिव्ह निघतील. रजिस्टरमध्ये लाल शाईने तेरा नावे लिहिली जातील आणि त्यांपैकी खऱ्या तीनच असतील. हीच किट जर डायलिसिसच्या अशा हजार रुग्णांवर वापरली ज्यांच्यात दहा टक्क्यांना अँटिबॉडी आहे, तर शंभर खऱ्यांच्या सोबतीला खोट्या फक्त नऊ येतील. किट तीच, तंत्रज्ञ तोच, पण एका ठिकाणी निकालावर विश्वास ठेवता येतो आणि दुसऱ्या ठिकाणी येत नाही. आपल्या रजिस्टरमधील जास्तीचे प्रमाण यातूनही आलेले असू शकते.

शिवाय खरी अँटिबॉडी म्हणजे चालू संसर्ग नव्हे. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत कोणत्याही उपचारांविना निघून जातो, मात्र अँटिबॉडी राहते. औषधाने बऱ्या झालेल्या माणसातही ती पुढे वर्षानुवर्षे सापडते. म्हणून आरएनए तपासणी (रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का हे पाहणारी तपासणी) झाल्याखेरीज ‘हेपटायटिस सीचा रुग्ण’ हे शब्द कोणाच्याही केसपेपरवर लिहू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आम्ही प्रयोगशाळेत याबाबत कडक आहोत, कारण त्या एका शब्दामुळे ऑपरेशन पुढे ढकलले गेलेले आणि सून माहेरी धाडली गेलेली आम्ही पाहिली आहे.

याच्या उलट बाजूही लक्षात असू द्यावी. नुकताच संसर्ग झालेल्या माणसात अँटिबॉडी दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागू शकतात, आणि डायलिसिसवरील किंवा प्रतिकारशक्ती फार क्षीण झालेल्या एचआयव्ही रुग्णात ती कधीकधी दिसतच नाही. अशा रुग्णाचे यकृताचे एन्झाइम कारण नसताना वाढलेले असतील, तर किट निगेटिव्ह आली तरी आरएनए पाहावे.

नमुन्याच्या आकाराविषयी एक अनुभवाचा ठोकताळा सांगतो. तीनशे लोक तपासले आणि एकही रिॲक्टिव्ह निघाला नाही, तरी खरे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते. त्यामुळे तीनशे-चारशे रुग्णांवर प्रादुर्भावाचा अभ्यास करून ‘आमच्याकडे आजार नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

उत्तर : साथरोग_अभ्यासक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. दुसऱ्या प्रश्नावर जरा विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते आपल्या अभ्यासाचे सगळे मोल त्यातच आहे.

आपल्या प्रश्नावलीत इंजेक्शनला सगळे ‘हो’ म्हणतात. अशा वेळी संसर्ग असलेले आणि नसलेले असे दोन गट करून तुलना केली, तर दोन्हीकडे इंजेक्शन घेतलेल्यांचे प्रमाण सारखेच निघेल आणि संगणक सांगेल की इंजेक्शनचा या आजाराशी संबंध नाही. वास्तविक जो धोका सर्वांनाच लागू आहे, तो अशा तुलनेत दिसेनासा होतो. मग उरलेल्या प्रश्नांपैकी गोंदण किंवा दाढी यांसारखे काहीतरी योगायोगाने वर येते आणि प्रबंधाच्या निष्कर्षात न्हाव्याचे नाव लागते. न्हाव्याच्या वस्तऱ्यापासून किंवा जत्रेतल्या गोंदणाच्या सुईपासून धोका नाहीच असे मी म्हणत नाही. एकच सुई एकामागून एक हातांवर चालत असेल तर धोका आहेच, कारण हा विषाणू शरीराबाहेर खोलीच्या तापमानालाही काही आठवडे तग धरू शकतो. परंतु आपल्या देशात या संसर्गाचा मोठा वाटा वैद्यकीय उपचारांतून आलेला आहे, आणि आपण डॉक्टर मंडळींनी हे सरळपणे मान्य केले पाहिजे.

म्हणून ‘इंजेक्शन घेतले का’ असे न विचारता ‘किती, कोणाकडून आणि कसे’ असे विचारावे. ताप आला की गावात पहिल्यांदा कोणाकडे जाता? तिथे सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढतात, की आधीच भरून ठेवलेली असते? अशक्तपणासाठी सलाईन लावून घेता का आणि वर्षातून साधारण किती वेळा? सलाईनची नळी नवी होती का? ‘दोन बाटल्या लावल्याशिवाय अंगात ताकद येत नाही’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. ते म्हणणाऱ्या रुग्णाला गावातल्या ज्या खोलीत या बाटल्या लावल्या जातात, तिथली माहिती त्याच्याकडूनच मिळते. इंजेक्शनांचे प्रमाण आणि ती देणारा माणूस, या दोन गोष्टी रुग्णारुग्णांत वेगळ्या असतात, त्यामुळे तुलना करण्याजोगे काही हाती येते. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात देशभर झालेल्या पाहणीत जवळजवळ दोन-तृतीयांश इंजेक्शने या ना त्या कारणाने असुरक्षित आढळली होती. पुढे एकदाच वापरण्याच्या सिरिंज सर्वत्र आल्या, पण एकदाच वापरायची वस्तू एकदाच वापरली जाईल याची हमी त्यामुळे मिळाली नाही. गुजरातमधील मोडासा येथे २००९ मध्ये हेपटायटिस बीची साथ आली तेव्हा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरात आल्याचे उघड झाले. ती साथ लक्षात आली याचे कारण हेपटायटिस बीने माणसे पिवळी पडली आणि दगावली. हेपटायटिस सीचा ताजा संसर्ग बहुतेकांत मुकाट्याने होतो. त्याच खोलीत, त्याच सुईने तो पसरला असता तर वीस वर्षांनी सिरोसिसचे (यकृत कायमचे कडक होण्याचे) रुग्ण येऊ लागेपर्यंत कोणाला पत्ताही लागला नसता.

पंजाबचे उदाहरण आपल्याला उपयोगी पडेल. तिथे गावोगावी जाऊन केलेल्या पाहणीत अँटिबॉडीचे प्रमाण ३.६ टक्के आणि प्रत्यक्ष विषाणू असलेल्यांचे प्रमाण २.६ टक्के आढळले, म्हणजे राष्ट्रीय सरासरीच्या जवळपास दहापट. शस्त्रक्रिया आणि असुरक्षित इंजेक्शने यांच्याशी त्याचा संबंध दिसला, आणि प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक होते. इजिप्तची कथा तर याहून मोठी आहे. तिथे १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत शिस्टोसोमा या रक्तातील कृमीविरुद्ध सरकारने लाखो लोकांना इंजेक्शने दिली. काचेच्या सिरिंज नीट निर्जंतुक न करता पुन्हापुन्हा वापरल्या गेल्या, आणि एका आजारापासून वाचवण्यासाठी काढलेल्या मोहिमेतून दुसरा आजार देशभर पसरला. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील १४.७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडली. हे कारण उलगडले ते बऱ्याच अंशी वयावरून, कारण ज्या पिढीने ती इंजेक्शने घेतली होती तिच्यातच संसर्गाचे प्रमाण जास्त होते.

डॉक्टर, आपणही आधी तेच करावे. पॉझिटिव्ह रुग्णांची वये एका ओळीत मांडून पाहावीत. बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे असतील, तर संसर्ग जुना असण्याची शक्यता अधिक. काचेच्या सिरिंजचा काळ, किंवा २००१ पूर्वीचे रक्तसंक्रमण. भारतात रक्तपेढ्यांना हेपटायटिस सीची तपासणी त्या वर्षी सक्तीची झाली, म्हणून ‘रक्त चढवले का’ यापेक्षा ‘कोणत्या साली चढवले’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. साल आठवत नसेल तर थोरल्या मुलाच्या जन्माआधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर, असे विचारावे. मराठवाड्यातील माणूस १९९३ चा तो सप्टेंबर विसरत नाही. पण रुग्ण विशी-तिशीतले असतील तर संसर्ग आजही कुठेतरी चालू आहे, असे समजून त्या रुग्णांची गावे आणि त्यांचे नेहमीचे डॉक्टर यांची नोंद ताबडतोब घ्यावी.

एक सावधगिरीही बाळगावी. ज्याचे यकृत आधीपासून बिघडलेले आहे तो दवाखान्यात वारंवार येतो, त्यामुळे त्याला सुया आणि सलाईन जास्त लागतात. इथे आजारामुळे इंजेक्शने वाढली की इंजेक्शनांमुळे आजार झाला, हे प्रश्नावलीवरून ठरत नाही. निदान होण्याच्या आधीच्या वर्षांपुरतेच प्रश्न मर्यादित ठेवले तर ही गफलत थोडी कमी होते.

उत्तर : एक_वाचक_नाशिक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझ्या वडिलांच्या संदर्भात हा आजार जवळून पाहिला, म्हणून लिहीत आहे.

वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याने आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होते. सुरुवातीच्या तपासणीत त्यांचा हेपटायटिस सीचा निकाल निगेटिव्ह होता आणि तो कागद आजही आमच्याकडे आहे. काही महिन्यांनी त्याच केंद्रावर केलेल्या नेहमीच्या तपासणीत तो पॉझिटिव्ह आला. आम्हाला जे पहिले वाक्य ऐकवले गेले ते ‘बाहेर कुठे काही झाले असेल’ असे होते. वडील घरातून डायलिसिसला आणि डायलिसिसहून घरी, याखेरीज कुठेही जात नव्हते. मी प्रत्येक वेळी त्यांच्या खाटेशेजारी बसत असे. रक्त गोठू नये म्हणून द्यायच्या हेपरिनची एकच बाटली ट्रेमध्ये घेऊन ती ट्रे एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे फिरत असे, आणि गर्दीच्या पाळीत हातमोजे न बदलता पुढच्या मशिनची बटणे दाबली जात. तेव्हा त्यात काही वावगे आहे हे मला कळले नव्हते. कर्मचारी कष्टाळू होते, पण एका सिस्टरकडे खाटा फार असत.

माझे म्हणणे इतकेच की डायलिसिसच्या रुग्णांमध्ये ‘किती टक्के पॉझिटिव्ह’ एवढेच मोजून थांबू नये. निगेटिव्हचा पॉझिटिव्ह कोण, कुठे आणि कोणत्या महिन्यात झाला, हे मोजले तर गळती कुठे आहे ते समजते. त्याच पाळीतील आणखी कोणाचा निकाल बदलला का, हे आम्ही विचारले होते. उत्तर मिळाले नाही.

उपचारांविषयी आमच्या मनात फार भीती होती, कारण एका नातेवाईकाने पूर्वी या आजारावरील जुन्या औषधाची, इंटरफेरॉनची, इंजेक्शने घेतली होती आणि तापाने, अंगदुखीने, निराशेने तो खचून गेला होता. प्रत्यक्षात वडिलांना गोळ्या मिळाल्या, त्या सरकारी उपचार केंद्रातून मोफत मिळाल्या, आणि त्रास जवळजवळ झालाच नाही. गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. डायलिसिसच्या रुग्णाला ही औषधे चालत नाहीत, असा समज अजूनही काही ठिकाणी आहे. तो जुना आहे, हे कृपया आपल्या रुग्णांना सांगावे.

ग्रामीण_वैद्यकीय_अधिकारी

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. नाशिकच्या वाचकांना विशेष धन्यवाद. आपल्या वडिलांना उत्तम आरोग्य लाभो. वयाची मांडणी आणि प्रसूतीच्या नोंदी वेगळ्या काढणे ही दोन कामे मी या आठवड्यातच सुरू करते.

एक अडचण उरते. नशेविषयी आणि लैंगिक संबंधांविषयी आमच्या ओपीडीत कसे विचारावे हे कळत नाही. टेबलाभोवती पाच माणसे उभी असतात, सोबत सासू किंवा भाऊ असतो, आणि खरे उत्तर येण्याची शक्यताच नसते. शिवाय निकाल कळल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ‘हा आजार आला कुठून’ असा असतो, तेव्हा काय सांगावे?

उत्तर : समुपदेशक_ताई

मॅडम, मी जिल्हा पातळीवरील उपचार केंद्रात समुपदेशनाचे काम करते. आपण ज्या अडचणीविषयी विचारले आहे, ती आमच्या रोजच्या कामातली आहे.

प्रश्न विचारण्याची जागा आधी बदलावी. आपल्या रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशन केंद्राची खोली असेल. तिला दार असते आणि तिथल्या ताईंना हे प्रश्न विचारण्याची सवय असते. ‘नशा करता का’ असे विचारल्यावर कोणीही ‘नाही’च म्हणणार, कारण त्या वाक्यात आरोप आहे. आम्ही आधी सगळ्यांना सांगतो की हा विषाणू रक्तातून रक्तात जातो, एक सुई दोघांनी वापरली तर जातो, मग ती दवाखान्यातली असो, ताकदीच्या इंजेक्शनची असो की आणखी कशाची. मग विचारतो, ‘डॉक्टर किंवा सिस्टर नसताना कधी कोणी तुम्हाला सुई टोचली आहे का, किंवा तुम्ही स्वतः टोचून घेतली आहे का?’ याला लोक उत्तर देतात. व्यायामशाळेत जाणारी काही मुले ताकदीची इंजेक्शने एकमेकांना देतात, हे आम्हाला याच प्रश्नातून कळले. मुंबईसारख्या शहरात इंजेक्शनने अमली पदार्थ घेणाऱ्यांसाठी वेगळे प्रकल्प आहेत आणि त्या गटात या संसर्गाचे प्रमाण फार मोठे असते, पण शहराबाहेर असे कोणी नाहीच असे समजू नये.

लैंगिक संबंधांचा प्रश्न जरूर विचारावा, मात्र त्याला किती वजन द्यायचे हे आपल्याला माहीत असावे. एकमेकांशीच संबंध असणाऱ्या पती-पत्नींमध्ये हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता फारच कमी असते. एचआयव्ही असलेल्या, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ती वाढते. लोकांच्या मनात मात्र हेपटायटिस सी म्हणजे एचआयव्हीचा भाऊ, असे पक्के बसलेले असते, आणि त्यातून घरात संशय शिरतो. म्हणून ‘आजार कुठून आला’ या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले असते: तो केव्हा आणि कुठून आला हे बहुतेक वेळा सांगता येत नाही, तो वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या सुईतूनही आलेला असू शकतो, आणि त्यावरून कोणाच्या वागणुकीचा निष्कर्ष काढता येत नाही. हे मी पती आणि पत्नी दोघांना समोर बसवून सांगते, अर्थात ज्याचा निकाल आहे त्याची परवानगी घेऊनच.

मग ताटाचा विषय निघतोच. रुग्णाचे ताट, पेला, अंथरूण वेगळे केलेले असते, आणि आजीला नातवंडांपासून दूर ठेवलेले असते. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एका शौचालयाने किंवा अंगावर पाजल्याने हा आजार पसरत नाही, हे मी घरातील सर्वांत वयस्कर माणसाकडे पाहून सांगते, कारण घरातले नियम तेच बदलू शकतात. अंगावर पाजण्याबाबत अपवाद एवढाच की स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर ते बरे होईपर्यंत थांबावे. दाढीचे ब्लेड, दात घासण्याचा ब्रश आणि साखर तपासण्याची सुई मात्र स्वतःचीच हवी. आईला विषाणू असेल तर बाळाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच-सहा इतकी असते, म्हणून बाळाची तपासणी ठरलेल्या वेळी व्हावी. जन्मतःच अँटिबॉडी तपासून उपयोग नाही, कारण ती आईकडून आलेली असते.

आणि कृपया ‘संदर्भित’ एवढे लिहून सोडू नका. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण किटचा निकाल मिळाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी येतात. विचारले की म्हणतात, ‘ताई, कुठे जायचे ते कोणी सांगितले नाही आणि हे लाखांचे काम आहे असे ऐकले होते.’ त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर हे या आजारावरील औषध अमेरिकेत आले तेव्हा बारा आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर होती. पुढच्या वर्षी भारतीय कंपन्यांना ते तयार करण्याचे परवाने मिळाले आणि किंमत झपाट्याने उतरली. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. सिरोसिस नसलेल्या रुग्णाला सोफोसबुविर आणि डक्लाटासविर बारा आठवडे दिले जाते, आणि शंभरापैकी नव्वदहून अधिक जण बरे होतात. ही बातमी ओपीडीपर्यंत पोहोचलेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर : साथरोग_अभ्यासक

तिसऱ्या प्रश्नावर माझे मत असे आहे की वय १८ च्या पुढील प्रत्येकाची आयुष्यात एकदा तपासणी व्हावी. अमेरिकेने २०२० मध्ये हेच धोरण स्वीकारले. इजिप्तने २०१८-१९ च्या मोहिमेत सुमारे पाच कोटी लोक तपासले. जोखीम विचारून तपासणी केली तर जे सांगत नाहीत किंवा ज्यांना आठवत नाही, ते सगळे सुटतात.

उत्तर : सूक्ष्मजीवशास्त्र_विभाग

सर, इथे मी आपल्याशी सहमत नाही. इजिप्तच्या त्या मोहिमेत दर वीस-बावीस माणसांत एक सापडत होता, आणि अमेरिकेत किटनंतर आरएनए तपासणी त्याच व्यवस्थेत होते. ज्या तालुक्यात हजारात तीन सापडतात आणि त्यानंतरच्या तपासणीसाठी माणसाला मजुरी बुडवून साठ किलोमीटर जावे लागते, तिथे सर्वांची तपासणी म्हणजे दर हजारी दहा निरोगी माणसांना घाबरवून घरी पाठवणे होय. पुढची साखळी जोडली जाईपर्यंत डॉक्टरांनी डायलिसिसचे, थॅलेसेमियाचे आणि एचआयव्हीचे सर्व रुग्ण, २००१ पूर्वी रक्त चढवलेले लोक, यकृताचे एन्झाइम वाढलेले सगळे, डॉक्टर नसलेल्या माणसाकडून सुया टोचून घेतलेले, आणि आधीच्या प्रत्येक पॉझिटिव्ह रुग्णाच्या घरातील व्यक्ती, एवढ्यांची तपासणी आधी करावी. साखळी जुळली की सर्वांच्या तपासणीला माझा विरोध राहणार नाही.

आणि ती साखळी जुळवणे वाटते तितके अवघड नाही. किटसाठी बोटातून थेंब घेण्याऐवजी शिरेतून रक्त घ्यावे आणि त्याच वेळी एक जादा ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी नळी) भरून ठेवावी. किट निगेटिव्ह आली तर ती नळी टाकून द्यावी. रिॲक्टिव्ह आली तर प्लाझ्मा (रक्तातील पातळ द्रव) वेगळा करून शीतपेटीतून पाठवावा, म्हणजे रुग्णाला दुसऱ्यांदा यावे लागत नाही. क्षयरोगासाठी अनेक तालुक्यांत बसवलेले ट्रुनॅट यंत्र गोव्यातील कंपनीने बनवलेले आहे, आणि त्याच यंत्रावर हेपटायटिस सीच्या आरएनएची चिपही चालते. आपल्याकडे ते यंत्र असल्यास जिल्हा कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे त्या चिपची लेखी मागणी नोंदवावी. उपचार सुरू होण्यापूर्वी हेपटायटिस बीची तपासणी झालेली असल्याची खात्रीही करावी, कारण दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णात सीवरील औषध चालू असताना बी उसळू शकतो.

ग्रामीण_वैद्यकीय_अधिकारी

आमच्याकडे ट्रुनॅट यंत्र आहे आणि ते दुपारनंतर बहुधा रिकामेच असते. मागणीचे पत्र उद्याच देते. नवीन तपासणी सुरू करण्याआधी मात्र रजिस्टरमधील लाल शाईची जुनी नावे घेऊन त्या त्या गावच्या आशाताईंना विचारणार आहे. निकाल उघड होऊ नये म्हणून त्यांना फक्त ‘दवाखान्यात फेरतपासणीसाठी बोलावले आहे’ एवढाच निरोप द्यायला सांगेन. समुपदेशक ताई, त्यांच्यापैकी जे येतील त्यांना आपल्या केंद्राकडे पाठवायचे असल्यास सोबत कोणते कागद लागतील आणि कोणत्या वारी यावे, हे कृपया इथेच कळवावे.

उत्तर : समुपदेशक_ताई

आधार कार्ड, किटचा निकाल आणि जुन्या आजारांचे असतील ते सर्व कागद पुरेत. आरएनएचा अहवाल आपल्याकडेच झाला तर तोही द्यावा, म्हणजे पहिल्याच भेटीत लिव्हरच्या तपासण्या करून गोळ्या सुरू करण्याचा निर्णय होऊ शकतो. वार प्रत्येक जिल्ह्यात वेगळे असतात, म्हणून आपल्या जिल्ह्यातील केंद्राला आधी फोन करावा आणि रुग्णाच्या हाती चिठ्ठी देताना त्यावर वार, खोली क्रमांक आणि ‘उपचार मोफत आहेत’ हे तीन शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत.